वाड्याचा वास आणि घासाचा मुरघास

शेतात मेंढ्या बसवण्याचा व्यवहार अहिल्यानगर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ऊस तुटला, कांदा निघाला, रान मोकळं झालं की शेतकरी मेंढपाळाला गाठतो. खांड किती मेंढरांचं, किती रात्री बसवायचं, धान्य द्यायचं की रोख, हे बांधावर उभ्याउभ्या ठरतं. संध्याकाळी वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लागते आणि सकाळी रान लेंड्यांनी भरलेलं दिसतं. शेतकरी पैसे मोजतो ते लेंडी आणि मुतासाठी, म्हणजे मुख्यतः नत्रासाठी. मेंढीच्या पोटातून पडणाऱ्या नत्राला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या किंमत आहे.

हेच नत्र बंदिस्त वाड्यात मात्र डोळ्यांदेखत वाया जातं. राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा या पाटपाण्याच्या पट्ट्यात मेंढ्या-शेळ्या दावणीला बांधून घासावर, म्हणजे लसूणघासावर, वाढवणारे बरेच जण आहेत. वर पेंडही घालतात. पहाटे अशा बंद वाड्याचं दार उघडलं की डोळे चुरचुरतात आणि नाकात झणका जातो. तो अमोनिया असतो. विकत घेतलेल्या पेंडीतलं आणि पाणी देऊन वाढवलेल्या घासातलं प्रथिन मेंढीच्या अंगी न लागता हवेत निघालेलं असतं. वाड्याला वास यायचाच, असं आपण धरून चालतो. एवढा वास यायला नको. तो कमी करण्याचा मार्ग घासातून आणि त्याच्या मुरघासातूनच जातो, पण नुसता मुरघास केला की काम झालं असं नाही. द्विदल चाऱ्याचा मुरघास चुकीच्या पद्धतीनं केला, तर नत्राची नासाडी उलट वाढते.

आधी मेंढीच्या पोटात काय होतं ते पाहू, कारण पुढची सगळी कामं त्यावरच उभी आहेत.

मेंढीच्या मोठ्या कोठीपोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. चाऱ्यातलं प्रथिन आधी ते खातात. ते मोडून अमोनिया करतात आणि त्या अमोनियापासून स्वतःचं शरीर बांधतात. हे जीव पुढं चौथ्या पोटात जाऊन पचतात आणि मेंढीला चांगल्या प्रतीचं प्रथिन मिळतं. पण अमोनियापासून शरीर बांधायला त्यांना त्याच वेळी साखर आणि पिष्ट लागतं. चुन्याचा ढीग आहे, पण वीट नाही, तर भिंत कशी उभी राहणार? ऊर्जा कमी पडली की उरलेला अमोनिया रक्तात शिरतो. तो विषारी असल्यामुळे यकृत त्याचा युरिया करतं आणि मूत्रपिंड तो बाहेर टाकतं. या कामात मेंढीची ताकद खर्च होते आणि पाणीही लागतं. जास्त प्रथिन खाणारी मेंढी जास्त पाणी पिते, जास्त मुतते. जामखेड-पाथर्डीत उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर जनावरं जगवणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

गंमत अशी की आपली दख्खनी मेंढी मुळात फार काटकसरी आहे. वाळलेल्या कुसळी गवतावर, जिथं प्रथिन जेमतेम असतं, तिथं ती रक्तातला युरिया लाळेतून आणि कोठीपोटाच्या भिंतीतून पुन्हा पोटात आणते आणि सूक्ष्मजीवांना देते. रवंथ करणाऱ्या सगळ्याच जनावरांत ही सोय आहे; दुष्काळी माळावर जगलेल्या जनावराला ती फार उपयोगी पडते. नासाडी सुरू होते ती आपण तिला मुबलक, ओला, निव्वळ घास घालतो तेव्हा.

आता थोडा हिशोब. 30 किलोची मेंढी दिवसाला साधारण 1 किलो कोरडा चारा खाते, म्हणजे पाणी वजा करून. घासात कोरड्या वजनाच्या साधारण 20 टक्के प्रथिन असतं. मेंढी निव्वळ घासावर असेल तर तिच्या पोटात 200 ग्रॅम प्रथिन गेलं. प्रथिनाला 6.25 ने भागलं की नत्र मिळतं, म्हणजे 32 ग्रॅम नत्र. आणि रोज 100 ग्रॅम वजन वाढणाऱ्या कोकराच्या अंगात साठतं किती? जेमतेम 3 ग्रॅम. बाकीचं लेंडीतून आणि मुतातून जातं, त्यातला मोठा वाटा मुतातून. काही नत्र वाया जाणारच, ते टाळता येत नाही. पण तीच मेंढी 12 टक्के प्रथिनाच्या समतोल चाऱ्यावर आणली तर पोटात 19-20 ग्रॅम नत्र जातं आणि वाढ तेवढीच मिळते, बहुतेक वेळा जास्तच. फरक 12 ग्रॅमचा, आणि तो जवळजवळ सगळा मुतातून कमी होतो. 50 मेंढ्यांच्या वाड्यात हा फरक रोज 600 ग्रॅम होतो. पस्तीस दिवसांत 21 किलो. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत 20.7 किलो नत्र असतं. म्हणजे दर पस्तीस दिवसांनी युरियाची एक भरलेली गोण आपण वाड्याच्या जमिनीवर उघडी ओततो. आणि ती युरियापेक्षा कितीतरी महाग पडते, कारण ती पेंडीच्या आणि घासाच्या भावानं विकत घेतलेली असते.

मुतातलं नत्र आणि लेंडीतलं नत्र सारखं नाही, हेही ध्यानात ठेवा. मुतातला युरिया मातीतल्या जीवांमुळे एक-दोन दिवसांत अमोनिया होतो. आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच जमिनी काळ्या, चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी आहेत. अशा जमिनीवरून तो आणखी जोरात उडतो. जो उडत नाही तो नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली जातो आणि पाटपाण्याच्या भागातल्या उथळ विहिरींत उतरतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. तान्ह्या बाळांना ते त्याहून जास्त झालं तर बाधतं. लेंडीतलं नत्र मात्र सेंद्रिय रूपात बांधलेलं असतं. ते हळूहळू सुटतं, पिकाला पुरतं. म्हणून चारा असा द्यायचा की नत्राची एकूण नासाडी घटेल आणि जे बाहेर पडायचं ते मुतापेक्षा लेंडीतून जास्त पडेल.

इथं मुरघासाचा संबंध येतो. मुरघास म्हटलं की आपल्यासमोर मका येतो. मक्याचा मुरघास सोपा, कारण मक्यात साखर भरपूर, त्यामुळे आंबवण पटकन होतं. पण मक्यात प्रथिन 8-9 टक्केच. घास, चवळी, बरसीम या द्विदल चाऱ्यांत प्रथिन भरपूर असतं, पण साखर कमी आणि आम्लाला विरोध करणारे क्षार जास्त. त्यामुळे सामू लवकर खाली येत नाही. ओला घास तसाच कोंबून भरला की आंबण्याऐवजी सडतो. नाकाला कुजट, चिकट वास येतो आणि मेंढ्या तोंड लावत नाहीत.

पण त्याहून मोठी अडचण डोळ्यांना दिसत नाही. विळा लागला त्या क्षणापासून घासाच्या पेशींतली विकरं त्याचंच प्रथिन मोडू लागतात. सामू चारच्या आसपास येईपर्यंत हे थांबत नाही. पद्धतशीर केलेल्या घासाच्या मुरघासातही निम्मं किंवा त्याहून जास्त प्रथिन मोडलेल्या, विरघळणाऱ्या रूपात जातं. असा मुरघास मेंढीनं खाल्ला की कोठीपोटात तासाभरात अमोनियाचा लोंढा येतो. सूक्ष्मजीवांना तो आवरत नाही आणि सगळं पुन्हा मुतातून बाहेर. म्हणजे प्रयोगशाळेच्या अहवालात प्रथिन 20 टक्के दिसेल, पण मेंढीला त्याचा फायदा निम्माही होणार नाही. म्हणून द्विदल मुरघास करणाऱ्यानं सगळ्यात आधी वेळ आणि ओल सांभाळायला शिकावं.

घासाच्या बाबतीत आपला जिल्हा नशीबवान आहे. आपल्याकडे नुसतं 'घास' म्हटलं की लसूणघासच समजतात, इतकं हे पीक इथं रुजलंय. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आर.एल.-88 हा वाण तीन-चार वर्षं टिकतो आणि वर्षाला दहा-बारा कापण्या देतो. याच विद्यापीठात दख्खनी मेंढीच्या सुधारणेचं आणि चारापिकांचं अशी दोन्ही कामं चालतात. तिथं एक फेरी जरूर मारा.

कापणी फुलोरा नुकताच दिसू लागला की करा. पूर्ण फुलावर आलेल्या घासाची काडी होते. कापायची वेळ शक्यतो दुपारनंतरची, चारच्या पुढची. दिवसभर उन्हात पानांनी साखर तयार केलेली असते आणि तीच मुरघासाला हवी असते. रात्रीतून वनस्पती ती खर्चून टाकते. सकाळी दवात कापलेला घास मुरघासाला सर्वांत वाईट. एक अडचण येईल: दुपारनंतर कापला तर त्याच दिवशी सुकणार कसा? म्हणून थंडीच्या दिवसांत तो पातळ पसरून रात्रभर राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी दव गेल्यावर दोन-तीन तास ऊन देऊन लगेच भरा. मार्च-एप्रिलमध्ये ऊन इतकं कडक असतं की दुपारी दोनला कापून तीन तासांत घास भरण्याजोगा होतो. पसरताना थर पातळ ठेवा आणि हलक्या हातानं एकदा उलटा. पानं गळू देऊ नका, प्रथिन पानात असतं.

ओल तपासायला यंत्र लागत नाही. कुट्टी मुठीत घट्ट दाबून अर्धा मिनिट धरा. बोटांतून पाणी आलं तर ओल फार जास्त. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला आणि हात ओला झाला, तरी अजून सुकवा. गोळा सावकाश उमलला आणि तळहात जेमतेम दमट लागला, तर भरा. गोळा एकदम विस्कटला तर घास फार वाळला. आता तो दाबला जाणार नाही, आत हवा राहील, बुरशी येईल.

निव्वळ घासाचा मुरघास करूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. करता येतो, 100 किलोला 2-3 किलो गूळ पाण्यात विरघळवून शिंपडला तर होतोही. पण लहान शेतकऱ्यासाठी घासाला मक्याची जोड हाच भरवशाचा रस्ता. चिकात दाणा आलेला मका 60 किलो आणि सुकवलेला घास 40 किलो, दोन्हींची कुट्टी एकत्र करून भरा. मक्याची साखर आंबवण्याला वेग देते, सामू लवकर उतरतो आणि घासाचं प्रथिन मोडण्याआधीच वाचतं. शिवाय पोटात अमोनियाबरोबर लागणारी ऊर्जाही त्याच चाऱ्यात मिळते. या मिश्रणात कोरड्या वजनावर साडेतेरा-चौदा टक्के प्रथिन बसतं. मक्यासाठी आफ्रिकन टॉल हा वाण आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

पाटपाणी नसलेल्या पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेरच्या जिरायत रानात घास पुरत नाही. तिथं खरिपात मका किंवा चाऱ्याची ज्वारी यांच्या दोन ओळींनंतर चवळीची एक ओळ घ्या. चवळी पन्नास ते साठ दिवसांत फुलावर येते. दोन्ही एकत्र कापून, थोडं सुकवून एकत्रच भरता येतं. ज्वारी फुलोऱ्यात आल्याशिवाय कापू नका. कोवळ्या ज्वारीतलं विष मेंढीला लागतं. बांधावर दशरथ घास लावा, तो कमी पाण्यात तग धरतो.

कुट्टी मेंढीसाठी एक-दोन सेंटिमीटरचीच हवी. लांब तुकडे दाबले जात नाहीत आणि मेंढी ते निवडून बाजूला टाकते. आत प्लास्टिकचं अस्तर असलेल्या 50 किलोच्या पिशव्या लहान खांडासाठी सर्वांत सोयीच्या, कारण उघडली की दोन दिवसांत संपते. मोठा खड्डा उघडून रोज थोडं काढायचं म्हटलं तर तोंडाकडचा मुरघास तापतो आणि बिघडतो. पिशवीत वीतभर थर टाका, पायानं किंवा धुमसानं दाबा, मग पुढचा थर. ज्या दिवशी कुट्टी केली त्याच दिवशी तोंड बांधा. उद्या बांधू म्हणाल तर रात्रभरात प्रथिन गेलंच. पिशवीवर तारीख आणि आत काय भरलंय ते लिहा. उंदीर आणि घुशी पिशव्या कुरतडतात, त्यामुळे पिशव्या जमिनीपासून उचलून, सावलीत ठेवा. पंचेचाळीस दिवस उघडू नका.

उघडल्यावर आधी नाकानं आणि डोळ्यांनी परीक्षा. चांगला मुरघास हिरवट-पिवळा दिसतो आणि आंबूस-गोडसर वास देतो. मळकट, चिकट, सडक्या वासाचा असेल तर प्रथिन सडलंय. नाकाला अमोनियाचा झणका आला तर अजिबात घालू नका. तपकिरी झालेल्या, तंबाखूसारखा वास येणाऱ्या मुरघासाबद्दल मात्र बऱ्याच जणांची फसगत होते. मेंढ्या तो आवडीनं खातात, म्हणून मालकाला वाटतं छान झाला. खरं तर आत हवा राहिल्यानं तो तापलेला असतो आणि त्या उष्णतेनं प्रथिन साखरेला असं चिकटतं की मेंढीला ते पचतच नाही. सगळं लेंडीतून बाहेर जातं. औषधांच्या किंवा शेतकी साहित्याच्या दुकानात सामूच्या कागदी पट्ट्या मिळतात. मिश्र मुरघासाचा सामू 4.2 च्या आसपास असावा. साडेचारच्या वर गेला तर पुढच्या वेळी घास जास्त सुकवा किंवा मका वाढवा.

बुरशी लागलेला, माती मिसळलेला, सामू न उतरलेला मुरघास मेंढ्यांना कधीच घालू नका. गाईला एखादे वेळी निभेल, मेंढीला नाही. अशा मुरघासातून लिस्टेरिया नावाचा जिवाणू मेंदूपर्यंत जातो. मेंढी एकाच बाजूला गोल फिरते, एका बाजूचा कान आणि ओठ लोंबतो, लाळ गळते, आणि बहुतेक वेळा ती मरते. गाभण मेंढ्या गाभडतात. हा रोग माणसालाही होतो, म्हणून अशी मेंढी दिसली तर हात लावण्यापूर्वी पशुवैद्यकाला बोलवा. कापताना विळा जमिनीच्या फार जवळ नेऊ नका, कारण माती बहुधा तिथूनच येते.

मुतातलं नत्र घटवण्याचा आणखी एक उपाय म्हणून आता बाभळीकडे वळू. मेंढपाळांना जे कळत होतं ते प्रयोगशाळेला अलीकडे कळलं, असं जिथं खरंच म्हणता येईल, ती ही गोष्ट. उन्हाळ्यात धनगर लांब काठीला आकडी लावून बाभळीच्या शेंगा पाडतो आणि मेंढ्या त्या तुटून पडून खातात. या शेंगांत टॅनिन असतं, तेच तुरट द्रव्य ज्यासाठी बाभळीची साल कातडं कमावायला वापरत. टॅनिन कोठीपोटात प्रथिनाला धरून ठेवतं, म्हणजे सूक्ष्मजीव ते सगळं एकदम मोडू शकत नाहीत. चौथ्या पोटात आम्ल जास्त असल्यानं ती पकड सुटते आणि प्रथिन आतड्यात मेंढीला मिळतं. जे सुटत नाही ते लेंडीतून जातं, मुतातून नाही. युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, टॅनिन असलेल्या सेनफॉइन नावाच्या द्विदल चाऱ्याचा मुरघास मेंढ्यांना देऊन संशोधकांनी हेच पाहिलं: मुतातलं नत्र घटलं, लेंडीतलं वाढलं. सेनफॉइन आपल्याकडे पिकत नाही, आणि त्यासाठी परदेशी बियाणं शोधत बसायची गरजही नाही. घासात टॅनिन जवळपास नसतं. बाभूळ, बोर, शमी, दशरथ घास यांत असतं. घासाच्या मुरघासाला त्यांची थोडी जोड दिली की काम होतं.

थोडी म्हणजे थोडीच. टॅनिन जास्त झालं तर मेंढी खाणं सोडते आणि प्रथिन नको तेवढं बांधलं जातं. मोठ्या मेंढीला वाळवून भरडलेल्या बाभळीच्या शेंगा रोज 100 ग्रॅम पुरे. पाल्याची जोड द्यायची तर बोराचा किंवा शमीचा पाला मूठभर. वेड्या बाभळीच्या शेंगा वेगळ्या. त्या गोड असतात, टॅनिन कमी आणि साखर जास्त. या दोन्हींत गल्लत करू नका.

30 किलोच्या मेंढीचा दिवसाचा मेळ साधारण असा बसतो: घास-मक्याचा मुरघास दीड किलो, तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट आणि कडबा मिळून 300 ग्रॅम, बाभळीच्या शेंगांचा भरडा 100 ग्रॅम, मका किंवा बाजरीचा भरडा 100 ग्रॅम. वाढत्या कोकराला किंवा दूध पाजणाऱ्या मेंढीला वर 50 ग्रॅम सरकी पेंड. सगळं मिळून प्रथिन 11-12 टक्के होतं. भरडा मुरघासाबरोबर, त्याच गव्हाणीत घाला. सकाळी घास आणि संध्याकाळी भरडा असं केलं तर अमोनिया एका वेळी आणि साखर दुसऱ्या वेळी पोटात जाते आणि मेळ बसत नाही. बऱ्याच वाड्यांत हीच चूक होते आणि ती सुधारायला एक पैसाही लागत नाही.

पहिल्या दिवशी एकदम दीड किलो घालू नका. पाव किलोपासून सुरू करून आठ-दहा दिवसांत वाढवा. चारा एकदम बदलला की आंत्रविषाराचा धोका असतो, म्हणून पावसाळ्याआधीची लस टोचलेली आहे याची खात्री करूनच बदल करा. दोन-अडीच महिन्यांखालच्या कोकरांना मुरघास देऊ नका. आणि उरलेला मुरघास गव्हाणीत दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका.

20 मेंढ्या आणि एक मेंढा एवढं खांड धरलं तर दिवसाला साधारण 30 किलो मुरघास लागतो. मार्च ते मे या तीन महिन्यांसाठी 2,700 किलो, म्हणजे 54-55 पिशव्या. त्यासाठी चार गुंठे मका आणि दहा गुंठे घासाच्या दोन-तीन कापण्या पुरतात. वाया जाणारा धरून थोडं जास्त पेरा. 20 अधिक 1 हा आकडा मी मुद्दाम घेतला. राज्याच्या राजे यशवंतराव होळकर महामेश योजनेत धनगर समाजातल्या लाभार्थ्यांना एवढाच गट 75 टक्के अनुदानावर मिळतो, आणि मुरघासाच्या गासड्या बांधण्याच्या यंत्रालाही याच योजनेत अनुदान आहे. योजना पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळामार्फत चालते. आपल्याच चौंडीच्या लेकीचं नाव त्या महामंडळाला आहे. अटी आणि अर्जाच्या तारखा बदलतात, पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे चौकशी करा.

फिरस्त्या खांडांचं काय, असं कुणी विचारेल. पारनेर-संगमनेरच्या माळावरून दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणाऱ्या मेंढपाळाला मुरघासाच्या पिशव्या पाठीवर नेता येणार नाहीत, आणि त्याची गरजही नाही. तो रोज नव्या रानात असतो, त्याच्या मेंढ्यांचं नत्र शेतात पडतं. पण घरी मागं राहिलेल्या गाभण आणि म्हाताऱ्या मेंढ्यांना, कोकरांच्या आयांना हा चारा हवाच. हिवरे बाजारसारख्या गावांनी चराईबंदी करून डोंगर हिरवे केले. तसं करणाऱ्या गावात मेंढी जगवायची तर दावणीचा चारा साठवण्याला पर्याय नाही.

वाड्यात एवढं करूनही जे नत्र मुतातून पडेल ते पकडा. खाली भुसकटाचा किंवा कोरड्या मातीचा थर द्या आणि दर काही दिवसांनी तो खताच्या खड्ड्यात ओढा. वर थोडं सुपर फॉस्फेट भुरभुरलं तर अमोनिया धरला जातो. राख मात्र कधीच टाकू नका. वास मरतो असं समजून लोक राख टाकतात, पण राख अल्कधर्मी असल्यानं अमोनिया आणखी उडतो. आणि मेंढ्या शेतात बसवल्या तर सकाळी वाघर उचलली की त्याच दिवशी कुळव फिरवा. चार दिवस थांबलात तर ज्या नत्रासाठी पैसे मोजले त्याचा मोठा भाग उडून गेलेला असेल.

पहिल्या वर्षी 55 पिशव्यांच्या मागं लागू नका, दहाच भरा. घास आणि मका यांचं प्रमाण दोन पिशव्यांत बदलून बघा आणि तसं पिशवीवर लिहून ठेवा. भरण्याआधी एकदा पहाटे बंद वाड्यात जाऊन वास किती येतो ते लक्षात घ्या, आणि नवा चारा सुरू केल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच वेळी जा. लेंडी घट्ट आहे का, जमीन कोरडी आहे का, कोकरं खोकतात का ते बघा. फरक पडला तर शेजारच्या मेंढपाळाला आपल्या वाड्यात पहाटे एकदा घेऊन या.